उदाहरणं मोजकी, ओळख पुरती



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आयुष्यभर इतिहास शिकवत राहिले. म्हणून विषय ठरवताना मला इतिहासाशीही नातं असलेला आणि समोर बसलेल्या मुलामुलींच्याही उपयोगी पडेल असा विषय हवा होता. स्पर्धा परीक्षेच्या निबंधात उदाहरणं कोणती घ्यावीत, आणि एकच उदाहरण अनेक विषयांना कसं पुरतं, यावर मी बोलणार आहे. कुणाला हा क्लासमध्ये सांगायचा विषय वाटेल. मला तो त्याहून मोठा वाटतो. उद्या तहसील कचेरीत, जिल्हा परिषदेत, मंत्रालयात बसून जे निर्णय घेणार आहेत, त्यांनी आपल्या समाजात घडून गेलेल्या गोष्टी किती जवळून पाहिल्या आहेत, हे या निबंधात उघडं पडतं.

पालकांसाठी परीक्षेबद्दल थोडं सांगते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत निबंधाची पत्रिका 250 गुणांची असते. वेळ तीन तास. 2014 पासून दोन निबंध लिहावे लागतात, प्रत्येकी हजार ते बाराशे शब्दांचे, आणि ते मराठीतून लिहिता येतात. आपल्या राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे. हा बदल पुढे ढकलावा म्हणून 2023 च्या सुरुवातीला पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली होती, आणि तो 2025 पासून लागू करायचं ठरलं. म्हणजे वर्षानुवर्षं पर्यायांचे गोल काळे करणाऱ्या मुलांना आता सलग पानं लिहायची आहेत. त्यांची धास्ती मला समजते.

या धास्तीतूनच उदाहरणांच्या याद्या तयार होतात. शिक्षणावर विषय आला तर सावित्रीबाई, पर्यावरणावर आला तर चिपको, नेतृत्वावर आला तर शिवाजी महाराज, अपयशावर आला तर एडिसन. शंभर विषयांना शंभर नावं. मुलं ती पाठ करतात, आणि निबंधात प्रत्येक नावाला एक वाक्य मिळतं. असे निबंध मी वर्षानुवर्षं तपासत आले आहे. त्यांत नावांची गर्दी असते आणि एकाही माणसाची ओळख नसते. सावित्रीबाईंवर शेण-दगड फेकले गेले, इथे मुलांची सावित्रीबाईंशी ओळख सुरू होते आणि इथेच संपते. विषय धैर्याचा असो, स्त्रीशिक्षणाचा असो की आरोग्याचा, वाक्य तेच.

पाठ केलेल्या उदाहरणांना परीक्षेनेच आसरा दिला तर काय होतं, हे अमेरिकेत दिसून आलं आहे. तिथे कॉलेज प्रवेशाच्या सॅट परीक्षेत 2005 मध्ये निबंध सक्तीचा झाला. 25 मिनिटांत लिहायचा. दोन परीक्षक प्रत्येकी 1 ते 6 गुण द्यायचे. एमआयटीत लेखन शिकवणारे लेस पेरलमन यांनी गुण दिलेले नमुना निबंध बारकाईने पाहिले, तेव्हा निबंध जितका लांब तितके गुण जास्त, असं चित्र दिसलं. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे घटना-सनावळीच्या चुकांकडे परीक्षकांनी दुर्लक्ष करायचं होतं. युद्ध कुठल्या साली सुरू झालं हे चुकलं तरी गुण जात नव्हते. साहजिकच मुलं दोन-चार उदाहरणं आधी ठरवून येत आणि मिळेल त्या विषयाला ती जोडून देत. 2016 मध्ये त्या निबंधाचं स्वरूप बदललं, तो ऐच्छिक झाला, आणि 2021 मध्ये ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाने तो बंद केला. आपल्या आयोगाच्या अभ्यासक्रमात निबंधासाठी मोजून दोन-चार वाक्यं आहेत, पण त्यांत विषयाला धरून राहा, थोडक्यात लिहा, नेमक्या अभिव्यक्तीला श्रेय मिळेल, असं स्वच्छ सांगितलं आहे. मी मुलांना त्यातला ‘नेमक्या’ हा शब्द अधोरेखित करायला लावते.

माझं म्हणणं असं आहे की, उदाहरण अनेक विषयांना चालतं ते आपण त्याच्या आत किती शिरलो आहोत यावर. मोघम माहीत असलेली घटना मोघम विषयालाच लागते. तीच घटना तारीख, जागा, माणसं, विरोध, खर्च आणि शेवट यांसह माहीत असेल, तर प्रत्येक विषय तिच्या वेगळ्या भागाला हात घालतो. सहा-सात घटना अशा पुरत्या ओळखीच्या असल्या की निबंधाची तयारी बरीचशी झाली. बोलणं हवेत राहू नये म्हणून एक घटना उलगडून दाखवते.

महाडचं चवदार तळं. ‘20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी तळ्याचं पाणी प्राशन केलं आणि समतेचा संदेश दिला’, हे वाक्य प्रत्येक मुलाच्या वहीत असतं. वाक्य खरं आहे. पण त्याच्या मागे-पुढे काय घडलं ते पाहा. ऑगस्ट 1923 मध्ये मुंबईच्या कायदे मंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पैशातून बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने त्याला धरून तळं खुलं केल्याचा ठराव केला. त्या वेळी सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखा सुधारक सवर्ण माणूस नगरपालिकेच्या कारभारात होता. ठराव झाला, इतिवृत्तात नोंदला गेला, आणि तीन वर्षं एकाही अस्पृश्याने त्या तळ्यातून ओंजळभर पाणी घेतलं नाही. जनावरं पाणी पीत होती. इतर धर्मांची माणसं पाणी भरत होती.

मार्च 1927 मध्ये महाडला भरलेल्या बहिष्कृतांच्या परिषदेनंतर हजारो माणसं रांगेने तळ्यावर गेली. थोड्याच वेळात गावात आवई उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. कुणी शिरणार नव्हतं. तरीही जमावाने परिषदेच्या मंडपावर आणि परतणाऱ्या माणसांवर हल्ला केला. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना हात उगारू दिला नाही. मग पंचगव्याच्या घागरी ओतून तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा सनातनी मंडळी कोर्टात गेली, तळं खाजगी आहे म्हणाली आणि मनाई हुकूम घेऊन आली. परिषदेला गावात जागा मिळेना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. 25 डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे ब्राह्मण होते. पण जमलेल्या हजारो माणसांची तयारी असूनही बाबासाहेबांनी तळ्यावर जायचं थांबवलं, कारण कोर्टाचा हुकूम होता. दावा खालच्या कोर्टातून उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल लागला 17 मार्च 1937 रोजी. निकाल बाबासाहेबांच्या बाजूने होता. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी अनादिकाळापासून चालत आली आहे, हे वादींना सिद्ध करता आलं नाही.

आता आयोगाने प्रत्यक्ष विचारलेले विषय घ्या. 2014 मध्ये प्रश्न होता, देशाची वाढ मंदावली ती धोरण ठरत नव्हतं म्हणून की अंमलबजावणी होत नव्हती म्हणून. मुलं लालफितीवर दोन पानं लिहितात. महाड ज्याला माहीत आहे तो 1924 ते 1927 ही तीन वर्षं दाखवू शकतो. धोरण होतं, स्थानिक संस्थेचा ठरावही होता. पहिला माणूस पायऱ्या उतरेल तेव्हा त्याच्या पाठीशी कोण उभं राहणार, याची सोय नव्हती. 2018 मध्ये विषय होता की रूढ नीती आधुनिक जगण्याला वाट दाखवू शकत नाही. इथे 1937 चा निकाल कामाला येतो. ज्या रूढीसाठी माणसांची डोकी फोडली, तिचं अनादित्व कोर्टात पुरावा मागितल्यावर टिकलं नाही. 2019 मध्ये पक्षपाती माध्यमांचा लोकशाहीला धोका, असा विषय होता. वीरेश्वराच्या देवळाची आवई तिथे लागू पडते: छापखान्याशिवाय, तारेशिवाय, काही तासांत पसरलेली खोटी बातमी. त्याच वर्षी दक्षिण आशियातल्या समाजांच्या बहुविध ओळखींवरही विषय होता. तिथे फत्तेखान, टिपणीस, सहस्रबुद्धे ही तीन नावं एका ओळीत आणा. साध्य-साधनावर, संयमावर विषय आला तर डिसेंबरचा तो निर्णय घ्या. आणि उशिरा मिळालेल्या न्यायावर आला तर सत्याग्रहापासून निकालापर्यंतची दहा वर्षं मोजा.

प्रत्येक वेळी महाड तेच आहे, पण निबंधात येणारा भाग वेगळा आहे. म्हणून ही घटना मुळापासून सांगत बसू नका. विषय जिथे टेकतो तिथूनच सुरुवात करा. एका मुलीने आधी लिहिलं होतं: ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे थोर समाजसुधारक होते. त्यांनी महाड येथे ऐतिहासिक सत्याग्रह केला.’ विषय अंमलबजावणीचा होता. मी तिला तारखा शोधून आणायला सांगितल्या आणि तोच परिच्छेद पुन्हा लिहायला लावला. तिने लिहिलं: ‘महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं केलं. 1927 पर्यंत त्या ठरावाचा उपयोग एकाही अस्पृश्याला झाला नव्हता.’ दोन वाक्यांत तिचा मुद्दा उभा राहिला. एकही विशेषण लागलं नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. उदाहरण विषयाला जोडायचं म्हणून ओढूनताणून बसवू नका. विषयाचं वाक्य मान्य नसेल, किंवा अर्धंच मान्य असेल, तर उदाहरणाला त्या वाक्याशी वाद घालू द्या. चांगलं उदाहरण हा उलटतपासणीत न डगमगणारा साक्षीदार असतो. तो आपल्या बाजूचंही सगळंच बोलत नाही, म्हणून त्याच्यावर विश्वास बसतो. याचं उदाहरण म्हणून मला प्लेगची साथ आठवते.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचं निदान केलं. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा आला आणि सरकारच्या हाती जबर अधिकार आले. पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीने सैनिक घरांत घातले. सामान बाहेर फेकलं गेलं, बायकांची तपासणी झाली, माणसांना छावण्यांत नेलं गेलं. 22 जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्या काळातल्या ‘केसरी’तल्या लिखाणावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला आणि त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. त्याच वर्षी 10 मार्चला सावित्रीबाई गेल्या. पुण्याबाहेर मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात त्या प्लेगच्या रोग्यांची सेवा करत होत्या आणि तीच लागण त्यांना झाली. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये ओडेसात जन्मलेल्या वाल्देमार हाफकिन या ज्यू शास्त्रज्ञाने प्लेगची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे 1902 मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एका बाटलीतली लस घेतलेली 19 माणसं धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिनवर आला. प्रयोगशाळेचा त्यात दोष नव्हता हे मान्य व्हायला 1907 उजाडलं, तेही रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी जाहीरपणे बाजू घेतल्यावर. 1925 मध्ये परळच्या त्या प्रयोगशाळेला हाफकिनचं नाव दिलं गेलं.

2024 मध्ये आयोगाने एक विषय दिला. चूक होण्याची किंमत काहीच न करण्याच्या किमतीपेक्षा कमी असते, असा त्याचा आशय. बहुतेक मुलं याला लगेच होकार भरतात. उद्योजकांच्या अपयशाच्या कथा येतात. प्लेगची साथ ज्याने नीट वाचली आहे त्याला इतका सहज होकार भरता येणार नाही. साथीत हातावर हात धरून बसणं भयंकरच होतं. पण रँडच्या कमिटीने जे केलं त्याने लोक दवाखान्याला आणि सरकारी माणसाला घाबरू लागले, रोगी लपवू लागले. हाफकिनने चुकीचा धोका आधी स्वतःच्या दंडावर घेतला. रँडच्या चुकीचा धोका बुधवार पेठेतल्या, कसब्यातल्या घरांनी घेतला. इथे निबंधाला आपला प्रश्न सापडतो: चुकीची किंमत मोजतो कोण? हा प्रश्न हातात आला की विद्यार्थी विषयाच्या वाक्यामागे फरफटत जात नाही, त्याला अट घालू शकतो. आणि 1897 चाच कायदा 2020 मध्ये कोरोनाच्या वेळी देशात वापरला गेला, त्यात त्याच वर्षी दुरुस्तीही झाली. म्हणजे उदाहरण आपल्या दारापर्यंत येतं.

हीच साथ विज्ञानातल्या संशयाला लागते, वृत्तपत्रांच्या स्वातंत्र्याला लागते, सार्वजनिक आरोग्याला लागते, स्थलांतरिताने परक्या शहराला काय दिलं याला लागते. सावित्रीबाईंकडेही ती एक नवी वाट उघडते. 1848 ची शाळा, 1863 चं बालहत्या प्रतिबंधक गृह, 1876-77 च्या दुष्काळातलं काम आणि 1897 चा प्लेग हे सगळं एका आयुष्यात होतं, हे कळलं की शेण-दगडांचं एकच वाक्य पुन्हा पुन्हा लिहावंसं वाटत नाही.

मुलं विचारतात, घरातलं उदाहरण चालेल का? माण तालुक्यातल्या एका मुलाची आजी 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. सुकडी, मस्टरवरचे अंगठे, मुकादम, तलावाचा बांध, हे सगळं त्याने घरात ऐकलं होतं. निबंधात मात्र त्याने परदेशी अर्थतज्ज्ञांची नावं लिहिली होती. मी त्याला म्हटलं, आजीचं लिही, पण आजीवर थांबू नकोस. मग त्याने वि. स. पागे शोधले. विधान परिषदेचे सभापती असलेल्या पाग्यांनी तासगाव तालुक्यात केलेला प्रयोग, त्यातून आलेली रोजगार हमी योजना, तिच्या खर्चासाठी शहरी नोकरदारांवर बसवलेला व्यवसाय कर, 1977 चा कायदा आणि त्याची 26 जानेवारी 1979 पासून झालेली अंमलबजावणी, पुढे 2005 मध्ये देशभरासाठी आलेला कायदा. आता त्याच्याकडे गरिबीवर, संघराज्यावर, स्त्रियांच्या श्रमावर लिहायला काही होतं. मस्टरवरच्या खोट्या नावांबद्दलही लिही, असंही मी सांगितलं. योजनेच्या खोडी ज्याला ठाऊक आहेत त्याने केलेली तिची बाजू परीक्षकाला पटते. घरातला अनुभव एखाद-दोन वाक्यांचा ठेवावा. परीक्षकाला तपासता येईल असा सार्वजनिक धागा त्याला जोडला की तो सोनं होतो.

थोर माणसांच्या नावावर खपवलेली वचनं मी निबंधात येऊ देत नाही. यातली निम्मी त्यांनी म्हटलेली नसतात, आणि म्हटलेली असली तरी वचन म्हणजे मत झालं. निबंधाला घटना लागते. चालू घडामोडींचंही तसंच. गेल्या महिन्यातल्या बातमीचा शेवट अजून झालेला नसतो. तिला एका वाक्याची जागा पुरे. एका निबंधात दोन, फार तर तीन उदाहरणांना प्रत्येकी शंभर-सव्वाशे शब्द द्यावेत, बाकीची उल्लेखापुरती. सन आठवत नसेल तर अंदाजाने ठोकू नये. ‘विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात’ असं लिहिलं तरी चालतं, ते खोटं तर नसतं.

एक शंका मराठी माध्यमाची मुलं हमखास काढतात: दिल्लीच्या परीक्षेत महाड, तासगाव, माण कुणाला कळणार? आपली पत्रिका मराठी जाणणारा परीक्षक तपासतो, हा झाला एक भाग. पण मराठी न जाणणाऱ्यालाही तळं कळतं, दुष्काळ कळतो, कोर्टाचा हुकूम कळतो. जिल्हा आणि साल सांगा, दोन शब्दांत माणसाची ओळख करून द्या, पुरे. उलट सगळ्या देशातून येणाऱ्या गठ्ठ्यांत एडिसन हजार वेळा येतो. 2022 मध्ये आयोगाने जंगलं हा आर्थिक उत्कृष्टतेचा सर्वोत्तम नमुना आहे अशा अर्थाचा विषय दिला होता. गडचिरोलीच्या मुलाने त्यावर मेंढा लेखा लिहायला हवं होतं. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सामूहिक हक्क मिळवणारं आणि 2011 मध्ये स्वतःच्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने हाती घेणारं गाव. कोल्हापूरच्या मुलीकडे शाहू महाराजांचा 26 जुलै 1902 चा, राखीव जागांचा हुकूम आहे, आणि 1917 चा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचाही. मुंबईच्या मुलाला परळची हाफकिन संस्था रोज बसमधून दिसते.

या जिल्ह्यातही अशा घटना आहेत. इथल्या ग्रंथालयात जिल्ह्याचं गॅझेटिअर आहे, नगरपालिकेची जुनी इतिवृत्तं आहेत, आणि ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्या सरांनी जमवलेली स्थानिक वृत्तपत्रांची कात्रणंही आहेत, असं मला संयोजकांनी सांगितलं. समोर बसलेल्या प्रत्येकाने त्यातून एक घटना निवडावी आणि महिनाभर तिच्याच मागे राहावं: ठराव कुणी मांडला, विरोध कुणी केला, पैसा कुठून आला, काय बिघडलं, पुढे काय झालं. मग आयोगाच्या गेल्या दहा वर्षांच्या निबंधांचे विषय काढून त्यांतल्या कोणत्या विषयाला या घटनेचा कोणता भाग लागतो ते लिहून पाहावं. जिथे लागत नाही तिथे ‘लागत नाही’ असंच लिहावं. तुमच्या वह्या मी तपासून देईन. संयोजकांना तसं सांगून ठेवलं आहे. वह्या ग्रंथपालांकडे आणून द्या.